आधी तक्रार, मग कॅमेरा

पहिला चांगला कॅमेरा घ्यायचे मनात आले की माणूस तक्त्यांच्या नादी लागतो. एका रकान्यात एक कॅमेरा, शेजारच्या रकान्यात दुसरा, आणि खाली ओळीने मेगापिक्सेल, सेकंदाला निघणारे फोटो, ऑटोफोकसचे बिंदू, व्हिडिओची प्रत, बॅटरीचे आयुष्य. दोघांतला एक जवळजवळ ठरतो तोच तिसरा कुठून तरी त्या तक्त्यात शिरतो आणि सगळी तुलना पहिल्यापासून सुरू होते. हा उद्योग मला परका नाही, आणि त्यात एक प्रकारची मौज असते हेही मी नाकारणार नाही. परंतु कॅमेरा काय काय करू शकतो एवढेच तक्ता सांगतो. त्यातले आपण काय करणार आहोत हे त्यात कोठेही लिहिलेले नसते, आणि नवख्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते. आपल्याला विस्तीर्ण दृश्य ओढून घेते की एखादा लहानसा तपशील, अनोळखी माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढायला आपण धजतो की नाही, ट्रायपॉड लावून तासभर एका जागी थांबण्याचा आपला पिंड आहे की नाही, या गोष्टी कॅमेरा पुष्कळ वापरल्यावरच कळतात. निवड मात्र त्याआधी करावी लागते. ज्या वेळी अनुभवाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी तो गाठीशी नसतो, ही या खरेदीतली खरी अडचण आहे, आणि तक्ता कितीही बारकाईने वाचला तरी ती सुटत नाही.

तरीही नवख्याजवळ अगदीच काही नसते असे नाही. आज कॅमेरा घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण वर्षानुवर्षे फोनवर फोटो काढत आलेला असतो, आणि तो साठा हा त्याच्या आवडीनिवडीचा त्याच्याच हातचा पुरावा असतो. म्हणून कोणी मला कॅमेऱ्याविषयी विचारले की मी आधी त्या साठ्याकडे वळायला सांगते. चांगले आलेले फोटो त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. ज्या फोटोंकडून काही आशा होती आणि ज्यांनी ती पुरी केली नाही, ते शोधायचे. प्रत्येकाच्या बाबतीत नेमके काय बिनसले हे एका वाक्यात लिहायचे. थोड्याच वेळात असे दिसते की तक्रारी पुष्कळ वाटल्या तरी त्यांचे प्रकार थोडे आहेत, आणि त्यांतली एखादी पुन्हा पुन्हा डोके वर काढते. पहिला कॅमेरा त्या एका तक्रारीसाठी घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. बाकीच्या गुणांची यादी जमेस धरू नये असे नाही, पण ती त्यानंतर.

तक्रारींचे मूळ वेगवेगळे असते आणि त्यावरचा उपायही, म्हणून त्या थोड्या सविस्तर पाहायला हव्यात. घरातल्या दिव्याच्या उजेडात धावणारे मूल फोटोत पुसट येते, ही बहुधा सर्वांत सार्वत्रिक तक्रार. धावते मूल स्पष्ट पकडायचे तर शटर सेकंदाच्या १/२५० किंवा त्याहूनही कमी काळच उघडे राहायला हवे, आणि खोलीतला उजेड तेवढ्या वेळात पुरेसा आत येत नाही. फोन अशा वेळी भराभर अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवतो. भिंत, कपाट, खुर्ची या स्थिर वस्तूंच्या बाबतीत ही युक्ती अप्रतिम चालते, पण हलणारा हात प्रत्येक चित्रात वेगळ्या ठिकाणी असतो आणि तिथे फोनचे गणित अडते. यावर उपाय म्हणजे अधिक प्रकाश आत घेणारी लेन्स आणि तो झेलणारा मोठा सेन्सर. दूरचा पक्षी ठिपक्याएवढा येतो, ही तक्रार मात्र निराळी. फोनवर दोन बोटांनी चित्र मोठे करताना एका मर्यादेनंतर आपण केवळ चित्राचा तुकडा कापून ताणत असतो. तिथे लांब फोकल लेंग्थला, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणाऱ्या लेन्सला, पर्याय नाही, आणि पक्ष्यांच्या बाबतीत ३०० मिलिमीटरही पुष्कळदा अपुरी पडते. या दोन तक्रारी असलेल्या दोन माणसांना एकच कॅमेरा सुचवणे म्हणजे दोघांपैकी एकाला निश्चित निराश करणे होय.

मागची गर्दी पुसट होऊन चेहरा उठून दिसावा, ही तिसरी इच्छा. फोन हा परिणाम अंदाजाने घडवतो आणि केसांच्या बटांपाशी किंवा चष्म्याच्या काडीपाशी तो अंदाज उघडा पडतो. लेन्सच्या बाबतीत हा परिणाम प्रकाशाच्या वाटेच्या रुंदीतून येतो, आणि ती रुंदी काढणे सोपे आहे: फोकल लेंग्थला एफ-अंकाने, म्हणजे लेन्सवर ‘एफ’पुढे लिहिलेल्या आकड्याने, भागायचे. ५० मिलिमीटर, एफ १.८ या साध्या लेन्सची वाट सुमारे २८ मिलिमीटर रुंद असते. फोनच्या मुख्य लेन्सवरही एफ १.८ असाच आकडा छापलेला आढळतो, पण तिची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटरच असल्याने तीच वाट चार मिलिमीटरच्या आत राहते. आकडा सारखा आणि परिणाम इतका भिन्न का, याचे कोडे इथे उलगडते.

काही तक्रारी अशाही निघतात की त्यांना कोणताच कॅमेरा पुरा पडणार नाही. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली पडलेल्या काळ्या सावल्या, डोक्यातून उगवल्यासारखा वाटणारा विजेचा खांब, सगळे जण रांगेत उभे राहून एकाच तऱ्हेने हसणारे: ही उणीव यंत्राची नव्हे, आणि महागड्या कॅमेऱ्याने ती अधिक तपशिलात दिसेल इतकेच. ज्याला आपल्या फोनच्या फोटोंत खटकण्यासारखे काहीच सापडत नाही, त्याला मी कॅमेरा घेऊ नये असे स्पष्ट सांगते. यात त्याचा काही कमीपणा नाही. फोन त्याचे काम चोख करत आहे आणि खिशातला पैसा खिशात राहत आहे.

आणखी एक तक्रार अशी असते की ती शब्दांत मांडायला जड जाते, आणि माझ्या मते कॅमेरा घेण्याचे सर्वांत सबळ कारण तेच आहे. आपल्याला संध्याकाळचा अंधार हवा होता, फोनने तो उजळून टाकला. दारात उभी असलेली व्यक्ती काळ्या आकृतीसारखी यावी असे वाटत होते, फोनने तिचा चेहराही दाखवला आणि मागचे आकाशही. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, फक्त तो आपण पाहिलेल्या गोष्टीचा नसतो. असे निर्णय दुसऱ्यावर सोपवण्याची परंपरा जुनी आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा फिल्म संपल्यावर तो कॅमेरा तसाच कारखान्यात परत पाठवायचा असे आणि जाहिरातीत म्हटले होते की तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू. फोन हा त्या वचनाचा आजवरचा सर्वांत परिपूर्ण अवतार आहे. ज्याला त्या ‘बाकीच्या’त स्वतः लक्ष घालायचे आहे, त्याला अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ (म्हणजे लेन्सचे छिद्र, प्रकाश आत येण्याचा वेळ आणि सेन्सरची संवेदनशीलता) ही तीन सूत्रे हातात देणारा आणि सेन्सरवर पडलेली प्रतिमा रॉ स्वरूपात जशीच्या तशी देणारा कॅमेरा लागतो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. अंधाराचा किती भाग अंधारच ठेवायचा हे घरी बसून ठरवण्याची मुभा त्या पायऱ्यांतून मिळते. अर्थात ही मुभा म्हणजे कामही आहे. प्रत्येक चित्र संगणकावर उघडून बसण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्याने हे आधीच ओळखलेले बरे.

आता सेन्सर. या विषयावर जेवढी भांडणे होतात तेवढी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कोणत्याही अंगावर होत नसतील. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीला फुल फ्रेम म्हणतात आणि तिच्याहून लहान ते सगळे अपुरे, असा एक सूर कानावर पडत असतो. ही चौकट आली कुठून हे पाहिले तर तो सूर आपोआप खाली येतो. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनॅक यांनी १९१३-१४च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा एक छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची होती. तिच्या दुप्पट जागा त्यांनी एका चित्राला दिली आणि २४ बाय ३६ हे माप तयार झाले. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा लायका या नावाने लोकांपुढे आला, तेव्हा काचेच्या मोठ्या प्लेटवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही चौकट अगदी चिमुकली होती. आज जे माप परिपूर्णतेचे मानले जाते ते एका गृहस्थाने हाताशी असलेल्या फिल्मवरून केलेल्या तडजोडीतून आले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मोठ्या सेन्सरचा फायदा खोटा आहे असे मात्र नाही. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी या मापाचे साधारण ३६५, आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सचे साधारण २२५. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होतो, म्हणून फुल फ्रेम आणि एपीएस-सी यांच्यात सव्वा स्टॉपच्या आसपास फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश); मंद उजेडात एकात आयएसओ ६४०० ला जो दाणेदारपणा दिसतो तो दुसऱ्यात २७०० च्या जवळपास दिसू लागतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पण आता लेन्सकडे पाहा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ वर नेली की तिचे छिद्र एफ ५.६ पर्यंतच उघडते. तिच्या जागी एफ १.८ ची लहान प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावली की जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. सेन्सर बदलून मिळणारा लाभ आणि लेन्स बदलून मिळणारा लाभ यांत एवढे अंतर असताना बहुतेक नवखे सगळी पुंजी बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, ओततात आणि पुढची वर्षे किट लेन्सवरच काढतात. मंद उजेडाची तक्रार असलेल्याला मी तरी असे सुचवीन की एपीएस-सी घ्यावा, तोही मध्यम प्रतीचा, आणि ठरवलेल्या रकमेचा निम्मा भाग लेन्ससाठी बाजूला काढूनच दुकानाची पायरी चढावी.

शिवाय सेन्सर मोठा झाला की त्याला झाकणारी लेन्सही मोठी होते, आणि हे ओझे तक्त्यात बॉडीच्या वजनाखाली दिसत नाही. फुल फ्रेमसाठीची ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही व्यावसायिकांची आवडती झूम डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळात दीड किलोच्या आसपास होती. ५० मिलिमीटर, एफ १.८ च्या साध्या लेन्स दोनशे ग्रॅमच्या आत बसतात. लहान सेन्सर लांबच्या विषयांना साहाय्यही करतो. एपीएस-सीवर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४५० इतका निमुळता कोन देते, मायक्रो फोर थर्ड्सवर ६०० इतका. पक्षी पाहण्यासाठी मैलोन् मैल चालणाऱ्याला हा हिशेब बाकी कोणत्याही हिशेबापेक्षा महत्त्वाचा वाटेल.

मेगापिक्सेलविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू या दर्जाने ते २० बाय १३ इंचांवर छापता येते. फोर-के पडद्यावर सव्वाआठ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहा वर्षांतला जवळपास कोणताही कॅमेरा ही गरज भागवतो. पुढे जाऊ या.

आरसा असलेला डीएसएलआर की आरसा नसलेला मिररलेस, हा प्रश्न बाजाराने बराचसा निकालात काढला आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपापले शेवटचे अग्रगण्य डीएसएलआर २०२० साली आणले आणि त्यानंतरचे त्यांचे सगळे लक्ष मिररलेसकडे आहे. नवा कॅमेरा घेणाऱ्याने मिररलेसच घ्यावा. पण यामागचे माझे कारण वेगळे आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, समोरचे दृश्य जसे आहे तसे दिसते, आणि फोटो कसा येईल हे बटण दाबल्यावर कळते. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसा आधीच दिसतो. एक्स्पोजर एक पायरी खाली आणले की आकाश डोळ्यांदेखत गडद होते. शिकणाऱ्याला कारण आणि परिणाम असे एका क्षणात शेजारी शेजारी मिळणे फार मोलाचे असते. चेहरा आणि डोळा ओळखून फोकस धरून ठेवण्याची सोयही आहेच, आणि धावत्या मुलांच्या आईबापांना ती वरदान वाटते. याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. २०१८चा निकॉन डी३५०० एका बॅटरीत १,५५० फोटोंचा अधिकृत आकडा सांगत असे. मिररलेसच्या बाबतीत तीनशे-चारशे हा आकडा सामान्य आहे. जास्तीची एक बॅटरी पहिल्याच दिवशी घ्यावी, बाकी पिशव्या, फिल्टर, स्वच्छतेच्या संचांचे डबे यांत हात आखडता ठेवावा. लेन्सच्या तोंडावर संरक्षणासाठी यूव्ही फिल्टर लावावा की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी लावत नाही, लेन्सच्या तोंडापुढे येणारी कड, म्हणजे हूड, लावते.

कॅमेरा घेताना आपण एका माउंटच्या, म्हणजे लेन्स अडकवण्याच्या त्या-त्या कंपनीच्या जोडणीच्या, घरात प्रवेश करत असतो, हे खरे आहे आणि त्याची भीतीही पुष्कळ घातली जाते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला आणि त्यावरच्या किती तरी जुन्या लेन्स आजही वापरात आहेत. कॅननने १९८७ साली आपला जुना एफडी माउंट बाजूला ठेवून ईएफ आणला, तेव्हा जुन्या लेन्स घेऊन बसलेल्या छायाचित्रकारांना नव्या बॉडीवर त्या लावता येईनात. अलीकडची उदाहरणेही आहेत: निकॉन १ ही मालिका २०११ ला सुरू होऊन २०१८ ला थांबली, कॅननचा ईएफ-एम २०१२ ला आला आणि २०२३ पर्यंत आटोपला, सॅमसंगने आपला एनएक्स कारभार मुकाट्याने गुंडाळला. तरीही बंद पडलेल्या माउंटचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे थांबवत नाही. ज्याच्याजवळ एक बॉडी आणि दोन लेन्स आहेत, त्याने आयुष्यभराची सोयरीक जुळवत असल्याच्या गांभीर्याने माउंट निवडू नये. आपल्याला हवी आहे ती दुसरी लेन्स त्या माउंटवर परवडणाऱ्या रूपात मिळते का, एवढेच आजच्यापुरते तपासावे, कारण काही कंपन्यांच्या स्वस्त बॉडीमागे केवळ महाग लेन्सच उभ्या असतात. आरसा गेल्याने झालेला एक छुपा लाभही इथे नोंदवण्याजोगा आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर होते, सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ आहे. मधल्या रिकाम्या जागेत एक साधी कडी बसवली की जुन्या फिल्मच्या काळातल्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लागतात. फोकस हाताने फिरवावा लागतो. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी उत्तम काचेपर्यंत पोहोचण्याची ही सर्वांत स्वस्त वाट आहे.

ज्या गोष्टीला तक्त्यात रकानाच नसतो ती म्हणजे हात. माझा हात लहान आहे आणि बोटे आखूड, त्यामुळे मोठ्या पकडीचा कॅमेरा मला दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि एका हाताने आकडे बदलायचे चाक फिरवायचे राहूनच जाते. उलट लांब बोटांच्या माझ्या एका स्नेह्याची करंगळी छोट्या मिररलेसच्या खाली अधांतरी लोंबत राहते आणि तासाभरात त्याचे मनगट भरून येते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत. दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर त्याच्या पडद्यावरचे चित्र पाहू नये. डोळ्याला लावावा, आणि डोळा न काढता अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ बदलून पाहावेत. अगदी सुरुवातीच्या श्रेणीतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना एकच चाक असते, आणि मॅन्युअलवर अ‍ॅपर्चर बदलायला एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. ही छोटी अडचण वाटते. परंतु ज्या माणसाने हा कॅमेरा निर्णय स्वतःच्या हाती यावेत म्हणून घेतला, त्याला त्या निर्णयाच्या वाटेत प्रत्येक वेळी एक बटण आडवे येते, आणि महिनाभरात तो पुन्हा ऑटोवर जातो. म्हणून नव्या कोऱ्या एकचाकी कॅमेऱ्यापेक्षा दोन चाकांचा जुना कॅमेरा मी पसंत करते. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी हे अनुक्रमे २०१५ आणि २०१६ सालचे कॅमेरे आज कोणाच्या चर्चेत नसतात, पण दोघांत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, दोन चाके आहेत आणि काचेच्या प्रिझमचा मोठा, उजळ व्ह्यूफाइंडर आहे.

वजनाचेही तसेच. आपण रोज घराबाहेर पडताना काय घेऊन निघतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आधीच भरलेल्या झोळीत जो कॅमेरा मावत नाही तो मुद्दाम ठरवलेल्या दिवशीच बाहेर पडेल, आणि असे दिवस सुरुवातीच्या उत्साहानंतर विरळ होत जातात. फिरतीच्या नोकरीतल्या माणसाला मी सेन्सरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून जो कोटाच्या खिशात बसेल तो घ्या असे सांगितले आहे.

जुना कॅमेरा घ्यायचा तर काही गोष्टी तपासाव्याच लागतात. शटर आजवर किती वेळा उघडले हा आकडा बहुतेक कॅमेऱ्यांतून काढता येतो. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख वेळांसाठी बनवलेले असते, वरच्या श्रेणीतले दीड-दोन लाखांसाठी, आणि हा आकडा ओलांडला म्हणजे ते लगेच मोडते असे नाही. छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. मऊ कडांचे ठिपके धूळ असतात आणि पुसता येतात. बारीक सरळ रेघ दिसली तर तो चरा असण्याची शक्यता असते आणि मग सौदा सोडून द्यावा. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती काचेवरचा थर खाऊन टाकते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी इतर लेन्सशेजारी ठेवू नये, असे माझे मत आहे. आपल्या घरीही हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हा धोका वाढतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी एक लहान तबकडी यांवर भागते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटाच्या तळाशी ठेवणे ही बुरशीसाठी केलेली सोयच म्हणायची.

किट लेन्सविषयी एवढे बोलल्यावर तिची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिची हेटाळणी फार होते. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बरेचसे काम लायकावर ५० मिलिमीटरची एक लेन्स लावून केले, हे उदाहरण देऊन नवख्याला पहिल्याच दिवशी एकच प्राइम लेन्स घ्यायला लावणारे गुरुजी पुष्कळ भेटतात. पण ५० हा त्यांच्या नजरेचा कोन होता. आपल्या नजरेचा कोन कोणता हे आपल्याला अजून कळायचे आहे. १८-५५ ची लेन्स फुल फ्रेमच्या भाषेत साधारण २७ ते ८२ मिलिमीटरपर्यंतचा प्रदेश दाखवते, हलकी असते, आणि दिवसाच्या उजेडात एफ ८ वर तिचे चित्र आणि महागड्या लेन्सचे चित्र यांतला फरक छापील कागदावर ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. मंद उजेड हीच ज्याची मुख्य तक्रार आहे त्याने प्राइमने सुरुवात करावी. बाकीच्यांनी काही महिने किट लेन्स मनसोक्त वापरावी.

त्या काळात कॅमेरा आपल्या नकळत एक नोंदवही भरत असतो. प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ लिहिलेली असते, आणि चित्रे लावून ठेवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती फोकल लेंग्थनुसार गाळून पाहता येतात. मात्र मोजताना काढलेली सगळी चित्रे धरू नयेत. आपण स्वतः निवडून ठेवली तेवढीच धरावीत, कारण बोट झूमवर कुठेही फिरत असते. ठेवलेली चित्रे ५५ च्या टोकाला गर्दी करून असतील आणि त्यांतली बरीचशी कडेने कापलेली असतील, तर दुसरी लेन्स लांबची घ्यावी, ७०-३०० सारखी. ती १८ ला चिकटून असतील तर रुंद कोनाची. ३० ते ३५ च्या आसपास घुटमळत असतील आणि आयएसओचा आकडा सतत ३२०० च्या वर दिसत असेल, तर ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची प्राइम. आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतील, तर दुसऱ्या लेन्सची वेळ अजून आलेली नाही. ते पैसे तूर्त कुठे तरी जाऊन येण्यावर खर्च करावेत.